दर्जाची मोजपट्टी कोणाच्या हातात?



ड्यूटीवर असताना एखाद्या रुळाच्या पोटाकडे नीट वाकून बघा. डोके चाकांनी घासून चकचकीत झालेले असते, तळ स्लीपरवर दाबून बसलेला असतो, पण मधल्या पोटावर उठावाची अक्षरे दिसतात. रुळाचे वजन, पोलादाची प्रत, कारखान्याचे नाव, महिना आणि साल. थोडे पुढे गेलात की ठोकून उमटवलेला हीट नंबर सापडतो. कोणत्या ओतीचे पोलाद या रुळात आहे हे त्यावरून वीस वर्षांनंतरही शोधता येते. आणखी पुढे, जिथे दोन रूळ थर्मिटने जोडले आहेत, तिथे जोडाचा नंबर, महिना, साल, काम करणारी एजन्सी आणि वेल्डरचा कोड असतो. रूळ तुटला तर भट्टी सापडते, जोड तुटला तर माणूस सापडतो.

हे चांगलेच आहे. ज्याने काम केले त्याचे नाव कामावर असावे, याला माझा विरोध नाही. पण हा माग ठराविक जागी येऊन थांबतो आणि ती जागा नेहमी आपल्याच गळ्याशी का येते, हा प्रश्न मला आज मांडायचा आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. वडील भंडारा जिल्ह्यातून कामाच्या शोधात भिलाईला आले, मी गँगमध्ये लागलो, पुढे कीमन झालो आणि आता बरीच वर्षे युनियनच्या ब्रँचचे काम बघतो. दर्जाची शास्त्रीय व्याख्या मला विचारू नका. नोव्हेंबर महिना आला की गुणवत्तेची पोस्टर्स लागतात, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि ती बहुधा ऑफिसातलाच कोणी जिंकतो. त्यात आपण टाळ्या वाजवतो आणि ब्लॉकवर जातो. तेव्हा जे रुळावर पाहिले तेवढेच सांगतो.

दर्जा कसा तपासतात हे पाहायला आमच्या भिलाईसारखे गाव नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि १९६० पासून इथे रूळ निघू लागले. आज १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून २६० मीटरचे पॅनल रेल्वेला रवाना होते. हा माल कारखान्याने स्वतःच पास करून चालत नाही. राइट्सचे इन्स्पेक्टर बसलेले असतात. पोलादाचे रसायन बघतात, तुकडा ताणून तोडतात, ठराविक उंचीवरून वजन टाकून रूळ टिकतो का ते पाहतात, अल्ट्रासॉनिकने आत भेग आहे का ते शोधतात, सरळपणा मोजतात. ज्याने बनवले त्याने पास करायचे नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. लेखाच्या शेवटाकडे मी तिच्याकडे परत येणार आहे.

या तपासणीत सगळ्यात अवघड शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो हायड्रोजन. वितळलेल्या पोलादात तो विरघळून राहतो, पोलाद थंड होताना बाहेर पडायला वाट शोधतो आणि वाट मिळाली नाही तर आतल्या आत केसासारख्या भेगा पाडतो. रूळ बाहेरून नवा, गुळगुळीत, मापात बरोबर. तो पास होतो, रुळावर बसतो, आणि कित्येक वर्षे हजारो चाके वरून गेल्यावर डोक्याच्या आत ती भेग वाढत वाढत एके दिवशी रूळ फाकतो. तुटलेल्या तोंडावर मूत्रपिंडाच्या आकाराचा डाग दिसतो, तो जुन्या कीमनांना माहीत आहे. म्हणून रेल्वेने अट घातली की वितळलेल्या पोलादात हायड्रोजन दहा लाख भागांत १.६ भागांपेक्षा जास्त नको. पूर्वी रूळ हळूहळू थंड करून हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ देत. नंतर निर्वात यंत्राने पोलादातूनच वायू ओढून काढण्याची व्यवस्था भिलाईत बसली.

ती सहज बसली नाही. २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे फ्रंटियर मेलचे मागचे डबे घसरून शेजारच्या रुळावर पडले आणि समोरून आलेली सियालदा एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. २१२ माणसे गेली. न्यायमूर्ती गर्ग यांचा चौकशी आयोग बसला. त्या दिवसांत भिलाईच्या रुळांबद्दल आणि त्यातल्या हायड्रोजनबद्दल देशभर उलटसुलट बोलले गेले. एकाच क्वार्टरच्या ओळीत रूळ बनवणारा आणि रूळ सांभाळणारा शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे आमच्या गावात ती चर्चा फार कडू झाली. कारखान्यातला म्हणे तुम्ही जोड नीट करत नाही, रेल्वेतला म्हणे तुमचे पोलादच खराब. दोघांपैकी कोणीही वरच्या मजल्याकडे बोट दाखवले नाही.

बरे, कारखान्यातून उत्तम रूळ आला असे धरू. तेवढ्याने रस्ता चांगला होतो का? रुळाचे आयुष्य आपण वर्षांत मोजत नाही, वरून गेलेल्या टनांत मोजतो. जुन्या नियमाप्रमाणे ९० यूटीएसच्या ५२ किलो रुळावरून ५२५ दशलक्ष टन आणि ६० किलोच्या रुळावरून ८०० दशलक्ष टन गेले की तो बदलायला घ्यायचा. म्हणजे दर्जा कारखान्याच्या फाटकावर पूर्ण होत नाही. खाली गिट्टी किती आहे, स्लीपर ठोकला आहे का, जोड कसा झाला, अल्ट्रासॉनिकची ढकलगाडी वेळेवर फिरली का, आणि तिने लाल फुल्या मारून ठेवल्यावर तो तुकडा बदलायला वेळ मिळाला का, यावर रुळाचा दर्जा रोज कमी-जास्त होत असतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. ठिकाण आणि नावे देत नाही, कारण त्या माणसांना अजून तिथेच नोकरी करायची आहे.

डिसेंबरची थंडी होती. पहाटेच्या गस्तीवर कीमनला थर्मिटचा एक जोड फाकलेला दिसला. थंडीत रूळ आखडतो, कच्चा जोड तेव्हाच तुटतो. त्याने लाल बावटा लावला, फटाके ठेवले, मालगाडी थांबवली. काही अनर्थ झाला नाही. कीमनला इनाम मिळाले, फोटो निघाला. जोडावरचा कोड वाचून वेल्डरला आरोपपत्र मिळाले, एस.एफ. ११ नव्हे, थेट एस.एफ. ५. दोघे एकाच गावचे, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. वेल्डर पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, जोड माझाच आहे. पण त्या दिवशी वेळ कोणाचा होता ते कोण लिहिणार?"

मी डिफेन्स हेल्पर म्हणून उभा राहिलो आणि कागद मागवले. थर्मिटचा जोड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. दोन टोकांत ठराविक फट ठेवायची, साचा बांधायचा, रूळ तापवायचा, धातू ओतायचा, वरचा माल छाटायचा, घासायचा, मीटरपट्टी लावून सरळपणा पाहायचा. आणि मुख्य म्हणजे धातू ओतल्यावर किमान अर्धा तास त्यावरून गाडी जाऊ द्यायची नाही. पुस्तकात तसे लिहिले आहे. या कामाला निवांत सव्वा तास हवा. त्या दिवशी दीड तासाचा ब्लॉक मागितला होता. मिळाला पन्नास मिनिटांचा. कंट्रोलने एक गाडी आधी काढून घेतली आणि दुसरीसाठी लवकर लाइन मागितली. सुपरवायझर उभा राहून घड्याळ बघत होता. ओतल्यापासून वीस मिनिटांत त्या जोडावरून भरलेली मालगाडी गेली.

चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी ब्लॉकचे रजिस्टर ठेवले. वेळ मागितल्याची नोंद होती, दिल्याची होती, परत घेतल्याची होती. वेळ का कापला त्या रकान्यात एकच शब्द होता: ट्रॅफिक. मी विचारले, हा ट्रॅफिक नावाचा इसम कोण आहे, त्याला साक्षीला बोलवा. साहेब हसले, पण प्रश्न नोंदीत घेतला नाही. शेवटी शिक्षा कमी झाली, एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली, नोकरी वाचली. ब्लॉक कापणाऱ्याला कोणी एक ओळीचे पत्रही लिहिले नाही. रुळावर पोलादाचा नंबर आहे, वेल्डरचा कोड आहे. ब्लॉक नाकारणाऱ्याचा कोड कुठेच ठोकलेला नसतो.

इथे मला आपल्याकडचेही बोलले पाहिजे. त्या पोराला मी घरी बोलावून विचारले, वेळ अपुरा होता तर तू लेखी का दिले नाहीस? तो म्हणाला, लिहिले असते तर उद्यापासून कुठे टाकले असते ते तुम्हाला माहीत आहे. खरे आहे. पण न लिहिल्यामुळे जोड त्याचा झाला. आणि आम्ही युनियनवाल्यांनीही काही वेळा अशा माणसांची बाजू घेतली आहे ज्यांनी वेळ असूनही काम टाळले. तेव्हा आपण मत गमावू नये म्हणून गप्प बसलो. ढकलगाडी न फिरवता रजिस्टर भरणारा आपला सभासद असला तरी तो त्या वेल्डरचा शत्रू आहे. त्याच्यामुळे खरे लिहिणाऱ्याच्या रजिस्टरवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडात रेल्वेचे खाजगीकरण झाले, रूळ एका कंपनीकडे, देखभाल ठेकेदाराकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ रूळ फुटून गाडी घसरली आणि चार जण मेले. रुळाच्या कडेला भेगा पडल्या आहेत हे आधीच माहीत होते. बदलायचा नवा रूळ शेजारी आणून ठेवलेला होता. तो बसवायचा राहून गेला. नवा रूळ दर्जेदारच होता हो, पण जमिनीवर पडलेला. पुढे २००२ मध्ये ती रूळ कंपनी गुंडाळून नेटवर्क रेलकडे काम द्यावे लागले. आपल्याकडे २०२२ मध्ये गाड्या घसरण्यावर महालेखापालांचा अहवाल आला, त्यात रूळ तपासणाऱ्या रेकॉर्डिंग गाड्यांच्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळल्याचे म्हटले आहे. घसरण्याची कारणे शोधताना रुळाच्या देखभालीतली उणीव वरच्या जागी आली. देखभाल म्हटले की ट्रॅकमेंटेनर आठवतो. रिकाम्या जागा आणि न मिळालेले ब्लॉक कोणाला आठवत नाहीत.

टपालातले साथी म्हणतील, हे तुमचे रुळाचे झाले, आमच्याकडे ना हीट नंबर ना जोड. बरोबर आहे, आणि म्हणूनच तुमची गोष्ट जास्त अवघड आहे. रूळ कापून, ताणून, त्यावर वजन टाकून पाहता येतो. पोस्टमनचे, नर्सचे, मास्तरांचे काम कापून कसे पाहणार? ते करता करताच संपते. आमच्याकडे सेक्टर ९ च्या हॉस्पिटलचा जळीत विभाग दूरदूरपर्यंत नावाजलेला आहे, आणि ते नाव कोणत्या प्रमाणपत्राने झाले नाही. तिथून माणूस जगून घरी आला आणि त्याने चार लोकांना सांगितले, असे झाले.

टपाल खात्यात चाचणी पत्रे टाकण्याची जुनी पद्धत आहे. कुठून किती दिवसांत पोचते ते बघायचे. आर.एम.एस.मधून रिटायर झालेले माझे एक स्नेही आहेत, गाडीच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे लावलेली. ते सांगतात, "अहो, चाचणीचे पत्र हातात आले की आम्ही ओळखायचो. तेच अक्षर, तोच पत्ता. ते पहिले लावायचो." म्हणजे मोजले गेले ते चाचणी पत्र. म्हातारीला मुलाने लिहिलेले पोस्टकार्ड त्या मोजणीत नव्हतेच. आज मोबाईलवरच्या ॲपमध्ये बटाचे वाटप किती वाजता झाले ते दिसते. वेळ दिसतो. बाकीचे?

१५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे मोठे पंडित. सहा आकड्यांनी त्यांनी सारा देश लावून दिला. ४९० ने सुरू होणारा पिन पत्र आमच्या भिलाईला आणून सोडतो. पण इथल्या सेक्टरमध्ये स्ट्रीट, क्वार्टर नंबर आणि त्यापुढे ए-बी असते, आणि एक अक्षर चुकले की पत्र दुसऱ्याच साहूंकडे जाते. कोणते साहू रिटायर होऊन गावी गेले, कोणत्या बाई आता मुलीकडे राहतात, कोणाला पेन्शनचा कागद वाचून दाखवावा लागतो, हे पोस्टमनला ठाऊक असते. त्याच्या कामाचा खरा दर्जा तिथे आहे आणि ॲपमध्ये त्याला रकाना नाही. बीट दुप्पट केली तरी ॲप एवढेच विचारते की उशीर का. १८९८ च्या जुन्या कायद्यात पत्र हरवल्या-उशिरा पोचल्याची जबाबदारी सरकारवर नव्हती, २०२३ च्या नव्या कायद्यातही खात्याला तसे संरक्षण आहे. पोस्टमनला मात्र नाही. त्याला नियम १६ ची नोटीस येते आणि पगारातून वसुली लागते. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळवले गेले. स्पीड म्हटल्यावर आता घड्याळाचा काच आणखी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रमाणपत्रांबद्दल दोन शब्द. आयएसओ ९००१ हे नाव आता किराणा दुकानावरही दिसते. हे प्रमाणपत्र एवढेच सांगते की तुम्ही काम कसे करणार हे लिहून ठेवले आहे आणि लिहिल्याप्रमाणे करता. माल उत्तम आहे असे ते म्हणत नाही. आमच्या पोलाद कारखान्याने आयएसओ मिळवले होते, कामगारांच्या सुरक्षेचे ओएचएसएएस १८००१ मिळवले होते. जून २०१४ मध्ये तिथे गॅस गळतीत सहा जण गेले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या गॅस लाइनवर काम चालू असताना आग भडकली आणि डझनाहून अधिक कर्मचारी जळून मेले. त्या काळात तयार झालेले रूळ तपासणीत पासच झाले असतील. १.६ च्या आत हायड्रोजन असलेला रूळ बनवताना किती माणसे भाजली, हे रुळाच्या पोटावर लिहायची पद्धत नाही.

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे येतो. बनवणाऱ्याने स्वतः पास करायचे नाही, हे तत्त्व रुळाला लावतात. तेच प्रशासनाला का लावत नाहीत? आपल्या जुन्या राज्यकर्त्यांनाही हे कळत होते. १९४१ मध्ये रेल्वेची तपासणी करणारे इन्स्पेक्टर रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढले आणि टपाल व विमान खात्याच्या हाताखाली ठेवले. होय, टपाल खात्याच्या! आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान मंत्रालयाखाली येतात, ते याच कारणाने. पण अपघात झाल्यावर ते येतात, शिफारस करतात आणि जातात. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने सांगितले की गाड्या चालवणारे आणि सुरक्षेवर निकाल देणारे वेगळे असावेत, कायद्याने अधिकार असलेले स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण असावे. रुळावर काम करताना मरणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही त्या अहवालात विचार झाला. अहवालाला एक तप उलटून गेले. प्राधिकरण कुठे आहे?

ती लढाई दिल्लीत फेडरेशनने लढायची आहे आणि त्यासाठी त्यांच्या हातात कागद हवा. म्हणून आमच्या ब्रँचने एक साधे काम सुरू केले आहे. प्रत्येक गँगच्या मेटने ऑफिसची नव्हे, स्वतःची शंभर पानी वही ठेवायची. तारीख, किलोमीटर, काम, मागितलेला ब्लॉक, मिळालेला ब्लॉक, हजर माणसे, मंजूर माणसे. शेवटच्या रकान्यात ब्लॉक कापणाऱ्याचे नाव, आणि नाव कळले नाही तर त्याने सांगितलेला प्रायव्हेट नंबर. तीन मेटनी सुरू केली, दोघांनी मध्येच सोडली, त्यांना पुन्हा समजावले आहे. एका सुपरवायझरने आधी डोळे वटारले, आता तोच आमच्या वहीतून आपल्या बचावासाठी तारखा उतरवून घेतो.

टपालातील साथींनीही बीटची अशीच वही करावी: घरे किती, नग किती, त्या दिवशी जोडीची बीट दिली होती का, सर्व्हर किती वेळ बंद होता. महिना संपला की पानांची झेरॉक्स ब्रँचच्या पत्त्यावर पाठवा. मूळ वही कोणालाही देऊ नका, घरीच ठेवा.